दैवाचा हिशेब



ज्या गावात आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे आणि ज्या गावात दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर वेदान्त लिहून ठेवला, त्या गावच्या व्याख्यानमालेत उभे राहून शब्दाविषयी काही सांगावे ही आमची योग्यता नाही. आम्ही आकड्याविषयी बोलणार आहोत. आमची शाळा सातवीला सुटली. पुढे काही वर्षे मोंढ्यात पोती वाहिली आणि त्यानंतर आजवर हमालांच्या व ऊसतोड मजुरांच्या संघटनेचे काम करीत आलो. गणित शिकलो ते वाचनालयातील जुन्या पुस्तकांतून आणि संघटनेच्या जमाखर्चाच्या वहीतून. तेव्हा पंडिती अपेक्षा आमच्याकडून ठेवू नयेत. परंतु ज्या विषयाने आम्हाला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले, तो विषय आम्हाला थोडाफार कळला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तो प्रसंग आधी सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही ऊसतोड मजुरांसाठी मयत फंड काढला. सभासद सहाशे. प्रत्येकाने हंगामाला शंभर रुपये द्यावेत, म्हणजे साठ हजार जमतात. मागील आठ वर्षांची आमची नोंद होती. तितक्याच माणसांत सर्पदंश, विहीर, बैलगाडी, ट्रॅक्टर अशा कारणांनी एकूण बारा माणसे गेली होती. म्हणजे हंगामाला सरासरी दीड. घरटी तीस हजार द्यायचे म्हटले तर सरासरी पंचेचाळीस हजार लागतात आणि पंधरा हजार शिल्लक राहतात. हिशेब आम्ही फळ्यावर मांडून सभेला समजावून दिला, सभेने टाळ्या वाजविल्या. पहिले दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या हंगामात एका रात्री उसाच्या फडाकडे निघालेली ट्रॉली वळणावर उलटली आणि एकाच टोळीची चार माणसे जागच्या जागी गेली. लागत होते एक लाख वीस हजार, पेटीत होते सत्तर हजार. प्रत्येक घरी साडेसतरा हजार घेऊन जाताना आमचे पाय उचलत नव्हते. त्यांतील एका म्हाताऱ्या आईने पैसे पदरात घेतले आणि एवढेच विचारले, "भाऊ, तुम्ही तर हिशेब केला होता म्हणालात?"

त्या प्रश्नाला आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधता शोधता जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहोत. त्याला शास्त्रात संभाव्यता म्हणतात. आपल्या बोलण्यात ‘बहुधा’, ‘क्वचित’, ‘होईलसे वाटते’ असे शब्द रोज येतात. त्या शब्दांना मापाने मोजणे, एवढेच या शास्त्राचे काम. मुळीच न घडणाऱ्या गोष्टीचे माप शून्य, घडणारच अशा गोष्टीचे माप एक, आणि माणसाचा सारा संसार या दोहोंच्या मधल्या अपूर्णांकांत चाललेला असतो.

ही मोजण्याची बुद्धी परदेशातून आली असा समज आहे. तो निम्माच खरा आहे. नळराजाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. वनपर्वातील कथा अशी की, रथ चालला असता वाटेत बेहड्याचे झाड लागले, तेव्हा ऋतुपर्णाने नुसते पाहून त्याच्या दोन फांद्यांवरील पानांची व फळांची संख्या सांगितली. फळे म्हणे दोन हजार पंच्याण्णव. नळाचा विश्वास बसेना. त्याने झाड पाडून मोजले, तो संख्या बरोबर. तेव्हा राजा म्हणाला की आपल्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, ठाऊक आहे, म्हणूनच गणनाही येते. नळाने आपली अश्वविद्या देऊन ती विद्या घेतली, आणि ती येताच त्याच्या अंगातला कली बाहेर पडला.

या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, त्या काळी द्यूताचे फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. म्हणजे झाडावरील फळांचा अंदाज आणि फाशांचे मर्म ही एकच विद्या आहे, हे कथा सांगणाऱ्याला ठाऊक होते. दुसरी अशी की, हिशेब समजला की कली सुटतो. दुर्दैव असे की आपण कथा जपली, परंतु तिच्यातील विद्येचे शास्त्र पुढे वाढलेले दिसत नाही.

आता फाशाकडून नाण्याकडे येऊ, कारण तेथे हिशेब सोपा आहे. नाणे उडविले की छापा किंवा काटा. दोन्ही सारखेच शक्य, म्हणून छाप्याची संभाव्यता एक द्वितीयांश. दोन नाणी उडविली तर? पुष्कळ लोक म्हणतील की तीन गोष्टी घडू शकतात : दोन छापे, एक छापा एक काटा, किंवा दोन काटे, म्हणून प्रत्येकाची एक तृतीयांश. हे चूक आहे. पहिले छापा दुसरे काटा, आणि पहिले काटा दुसरे छापा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा प्रकार चार, आणि दोन छाप्यांची संभाव्यता एक चतुर्थांश. आपल्याला ही चूक झाली तर लाजू नये. फ्रान्सचा मोठा गणिती दालांबेर याने १७५४ साली तेथील प्रसिद्ध ज्ञानकोशात नेमकी याच जातीची चूक केली होती. विद्वानालाही ‘सारखेच शक्य’ म्हणजे काय हे तपासून घ्यावे लागते.

आणि सारीपाटाची कवडी घेतली तर हा साधा नियमही पुरत नाही. कवडी उताणी पडेल की पालथी, दोनच प्रकार आहेत खरे, परंतु ते सारखे शक्य नाहीत, कारण तिची एक बाजू चपटी व दुसरी फुगीर आहे. तिची संभाव्यता घरी बसून तर्काने काढता येत नाही. कवडी हजार वेळा टाकून मोजावी लागते. आमच्या मते नाणे आणि कवडी हा फरक ज्याला कळला त्याला अर्धे शास्त्र कळले. पाऊस, पीक, आजार, अपघात, मरण या साऱ्या कवड्या आहेत, नाणी नव्हेत. त्यांच्या बाबतीत नोंदवहीवाचून बोलणे व्यर्थ आहे.

युरोपात या शास्त्राची सुरुवात झाली ती जुगाऱ्याच्या भांडणातून. अर्धवट मोडलेल्या डावातील पैशांची वाटणी कशी करावी, हा तो प्रश्न. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींनी पत्रव्यवहार करून तो सोडविला. समजा, दोघे खेळत आहेत, आधी तीन डाव जिंकेल त्याला सारे चौसष्ट रुपये मिळायचे आहेत, आणि एकाचे दोन डाव व दुसऱ्याचा एक झाला असता खेळ बंद पडला. वाटणी कशी करावी? पास्काल म्हणतो, किती डाव झाले हे पाहू नका, पुढे काय होऊ शकले असते ते पाहा. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला चौसष्ट मिळतात, हरला तर बरोबरी होऊन बत्तीस मिळतात. म्हणजे बत्तीस तर त्याचे नक्कीच. उरलेल्या बत्तिसांवर दोघांचा हक्क सारखा, म्हणून सोळा सोळा. पहिल्याला अठ्ठेचाळीस, दुसऱ्याला सोळा. अशा रीतीने येणाऱ्या रकमेला ‘अपेक्षा’ म्हणतात : प्रत्येक फळाला त्याच्या संभाव्यतेने गुणावे आणि बेरीज करावी. मजुराच्या दृष्टीने या शोधाचे मोल मोठे आहे. अनिश्चित गोष्टीवरही माणसाचा न्याय्य वाटा असतो आणि तो मोजता येतो, हे जगात प्रथम येथे सिद्ध झाले.

या अपेक्षेने मटक्याचाही निकाल लावता येतो. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडते आणि मिटते भाव मुंबईत येत, त्यांवर पूर्वी पैजा लागत. १९६० च्या दशकात ती सोय बंद झाली, तेव्हा मडक्यातल्या चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून आकडा जाहीर होऊ लागला. गिरणगावातल्या किती पगाराच्या पाकिटांची त्यात राख झाली ते आमच्या आधीच्या पिढीतील कार्यकर्त्यांनी पाहिले आहे. शून्य ते नऊ अशा दहा आकड्यांपैकी एक लावायचा. लागला तर रुपयाला नऊ रुपये. अपेक्षा काय? एक दशांश गुणिले नऊ, म्हणजे नव्वद पैसे. रुपया देऊन नव्वद पैसे विकत घेण्याचा हा धंदा आहे. यावर खेळणारा म्हणतो, "पंधरा दिवसांत सत्ता आला नाही, आज येणारच." बंधुहो, पत्त्यांना स्मरणशक्ती नसते. काल काय निघाले हे आजच्या आकड्याला ठाऊक नसते. ज्या दोन घटना एकमेकींना ओळखत नाहीत, त्यांना शास्त्रात ‘स्वतंत्र’ घटना म्हणतात. दोन स्वतंत्र घटना दोन्हीही घडण्याची संभाव्यता काढायची तर दोन अपूर्णांकांचा गुणाकार करावा. छाप्यावर छापा हा निम्म्याचा निम्मा, म्हणून चतुर्थांश, तो याच नियमाने.

आणि येथेच आमच्या फंडाचे पाप उघडे पडते. सहाशेंत दीड, म्हणजे एका माणसाचा धोका हंगामाला चारशेंत एक. ठरावीक चार माणसे एकाच हंगामात जाण्याची संभाव्यता गुणाकाराने काढली तर ती सुमारे अडीच हजार कोटींत एक येते. म्हणजे सृष्टीच्या अंतापर्यंत घडू नये अशी गोष्ट. पण तो गुणाकार करण्याचा आम्हाला अधिकारच नव्हता. कारण ते चौघे एका ट्रॉलीत बसले होते. एकाचे चाक तेच दुसऱ्याचे चाक, एकाचा खड्डा तोच दुसऱ्याचा खड्डा. आमची सरासरी चूक नव्हती. चूक होती ती माणसांचे धोके एकमेकांपासून सुटे आहेत असे धरण्यात. टोळीने जगणारी माणसे टोळीनेच मरतात, हे आम्हाला पुस्तक नसतानाही कळायला हवे होते.

मग विमा कंपन्यांचे कसे चालते? त्याचे रहस्य याकोब बेर्नूली या स्विस गणितीने सांगितले. त्याचा ग्रंथ त्याच्या मरणानंतर आठ वर्षांनी, १७१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे असे की, एका नाण्याविषयी काही सांगता येत नाही, दहांविषयी थोडे सांगता येते, पण दहा हजारांविषयी बरेच खात्रीने सांगता येते की छाप्यांचे प्रमाण निम्म्याच्या अगदी जवळ राहील. गर्दी वाढत जाते तसतसे प्रमाण स्थिर होत जाते. एक माणूस कधी मरेल हे ज्योतिषालाही सांगता येत नाही, पण लाख माणसांत वर्षाला किती मरतील हे कारकूनही सांगू शकतो. ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्या हॅलेने १६९३ साली ब्रेस्लाउ शहराच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता केला, आणि आयुर्विम्याला पाया मिळाला.

हे शास्त्र आपल्या देशात आले ते मात्र पंक्तिप्रपंच घेऊन आले. इंग्रजी कंपन्या युरोपीयांचा विमा उतरवीत, आणि हिंदी माणसाचा उतरविलाच तर हप्ता जादा घेत. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही सोसायटी निघाली आणि तिने हिंदी माणसांना नेहमीच्या दराने विमा दिला. आकडा निष्पक्ष असतो, पण कोणाला कोणत्या रांगेत बसवून मोजायचे हे माणूस ठरवितो, हे येथे विसरू नये. पुढे जानेवारी १९५६ मध्ये, कुलाबा जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. देशी-परदेशी मिळून दोनशे पंचेचाळीस संस्था एकत्र करून त्याच वर्षी सप्टेंबरात आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. बेर्नूलीच्या नियमाचा अर्थ राजकारणाच्या भाषेत सांगायचा तर तो असा : जितके अधिक लोक एका छत्राखाली, तितके छत्र बळकट.

आता माणसाच्या आयुष्यावरून पिकाच्या आयुष्याकडे वळू, कारण आपल्या तालुक्यात दोन्ही एकच आहेत. पीक किती आले हे ठरविण्याची आपली जुनी रीत आणेवारीची. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. निजामाच्या राज्यात, हे गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जात होते तेव्हापासून, आमच्या वाडवडिलांच्या तोंडी तोच शब्द. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाई. पण पाहायचे कोणी? अंमलदाराच्या नजरेने. त्याची नजर रस्त्याकडेच्या शेतावर आधी पडणार, साहेबाला सरकारी खजिन्याची काळजी असणार आणि गावकऱ्याला साऱ्याची. नजरेला तराजू नसतो.

या नजरेच्या जागी संभाव्यता आणण्याचे काम प्रथम हबॅक नावाच्या एका सनदी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भातावर केले. पुढे महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागावर ते मोठ्या प्रमाणावर केले. आणि १९४० च्या दशकात त्याला देशभर चालेल अशी रीत मिळवून देणाऱ्यांत दोन मराठी माणसे होती : सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि इंदूरच्या संशोधनसंस्थेत काम करणारे विनायक गोविंद पानसे. रीत अशी की, कोणते शेत कापायचे हे माणसाने ठरवायचेच नाही. गावातील गटनंबरांतून चिठ्ठी टाकल्याप्रमाणे आकडा काढायचा. मग त्या शेताच्या एका कोपऱ्यापासून किती पावले लांबीत व किती रुंदीत जायचे तेही आकड्यानेच ठरवायचे. तेथे खुंट्या ठोकून दोरीने ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, आतले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे. याला यादृच्छिक नमुना म्हणतात. यात प्रत्येक शेताला निवडले जाण्याचा हक्क असतो, सावकाराच्या बागाईतालाही आणि विधवेच्या माळरानालाही. आम्हाला तर ही लोकशाहीची शेतावरली आवृत्तीच वाटते.

यात एक बारकावा असा. चौकोन फार लहान घेतला तर काय बिघडते? सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिले की लहान चौकोनात उत्पादन फुगून दिसते. कारण उघड आहे. दोरीवर आलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. चौकोन जितका लहान तितकी त्याची कड मानाने मोठी, आणि तितकी ही ओढाताण अधिक. महालनोबीस लहान चौकोनांच्या बाजूचे, सुखात्मे-पानसे मोठ्यांच्या, असा तो वाद गाजला. चुका दोन जातींच्या असतात, हा त्यातला धडा. एक चूक इकडे-तिकडे होते व गर्दीत विरून जाते. दुसरी नेहमी एकाच बाजूला झुकते, आणि ती लाख नमुने घेतले तरी विरत नाही. पहिलीला उपाय अधिक नमुने, दुसरीला उपाय पद्धतीची शुद्धता आणि कापणीच्या वेळी बांधावर उभे राहणारे गावकरी.

अधिक नमुन्यांचाही हिशेब ऐकून ठेवा. चूक निम्मी करायची तर नमुने दुप्पट नव्हे, चौपट लागतात. बारा प्रयोगांत जेवढी चूक होते तिच्या निम्मी आणायला अठ्ठेचाळीस प्रयोग करावे लागतील. अचूकपणा महाग असतो तो असा.

या कापणी प्रयोगांवर पीकविमा उभा करण्याची कल्पना पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली मांडली. त्यापूर्वी गुजरातेत एकेका शेतकऱ्याचे शेत तपासून विमा देण्याचा प्रयोग झाला होता. दांडेकरांचे म्हणणे असे की, प्रत्येक शेत तपासणे परवडणारे नाही, आणि नुकसान पावसाने झाले की हयगयीने हे ठरविता येत नाही. म्हणून विभाग हा एकक धरा. विभागाचे सरासरी उत्पादन घसरले तर सर्वांना भरपाई. त्याच तत्त्वावर १९७९ साली प्रायोगिक योजना निघाली, १९८५ च्या खरिपात देशव्यापी योजना आली, आणि तोच धागा १९९९ व २०१६ च्या योजनांत चालत आला.

उदाहरण घेऊ. समजा, एका मंडळात सोयाबीनच्या गेल्या सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी दहा क्विंटल आहे. जोखीमस्तर सत्तर टक्के धरला तर उंबरठा उत्पादन सात क्विंटल. यंदा कापणी प्रयोगांत सरासरी चार क्विंटल नव्वद किलो आली, म्हणजे उंबरठ्यापेक्षा तीस टक्के कमी, म्हणून विमा रकमेच्या तीस टक्के भरपाई. मंडळाला असे दहा-बाराच प्रयोग. आता घाटनांदूरच्या एखाद्या शेतकऱ्याचा गट ओढ्याने खरवडून नेला, पण मंडळाची सरासरी आठ क्विंटल राहिली, तर या हिशेबात त्याला काही मिळत नाही. तो म्हणतो, फसवणूक झाली. सरासरी खोटी नसते, पण ती मंडळाविषयी बोलते, त्याच्या गटाविषयी नाही. आकड्याला जे विचारले नाही त्याचे उत्तर तो देत नाही. २०१६ च्या योजनेत अशा स्थानिक आपत्तीची बहात्तर तासांत खबर देऊन वेगळी पाहणी करण्याची तरतूद होती, तिचे कारण हेच. २०२५ च्या खरिपापासून राज्याने भरपाईचा भार मुख्यत्वे मंडळाच्या उत्पादनावर आणून ठेवला, तेव्हा या दहा-बारा चौकोनांचे मोल किती वाढले, हे आपल्या ध्यानात यावे.

आता मुख्य गोष्ट. २०२० च्या खरिपात आपल्या बीड जिल्ह्यात विम्याचे काम घ्यायला कंपन्या पुढे येईनात. आम्ही तेव्हा मोर्च्यात होतो आणि आमच्याही तोंडी ‘नफेखोर’ हा शब्द होता. तो अगदीच खोटा नव्हता. परंतु रात्री वही उघडून बसलो तेव्हा आम्हाला आमची उलटलेली ट्रॉली आठवली. बीड जिल्ह्यातील शेतकरी लाखांनी मोजावेत इतके आहेत, म्हणजे बेर्नूलीचा नियम लागू व्हावा. पण १९७२ साली पाऊस गेला तो सर्वांचाच गेला. २०१५ च्या पावसाळ्यानंतर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा केज काय आणि परळी काय, सारेच कोरडे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये पूर आला तो काही एका शेताला निवडून आला नाही. हे लाख शेतकरी म्हणजे लाख सुटी नाणी नव्हेत. ते एका ट्रॉलीत बसले आहेत, आणि त्या ट्रॉलीचे नाव मराठवाड्याचे आभाळ. जेथे धोके एकत्र येतात तेथे नुसती गर्दी वाढवून छत्र बळकट होत नाही.

त्यावर जो तोडगा निघाला त्याला देशात ‘बीड पॅटर्न’ म्हणतात. भारतीय कृषी विमा कंपनी या सरकारी कंपनीने काम घेतले. अट ऐंशी-एकशेदहाची. समजा, एकूण हप्ता शंभर रुपये जमला. भरपाई एकशेतीस द्यावी लागली, तर एकशेदहापर्यंत कंपनी देईल, वरचे वीस राज्य देईल. भरपाई साठच निघाली, तर कंपनीने वीस ठेवावेत आणि उरलेले वीस राज्याला परत करावेत. म्हणजे कंपनीचा तोटा दहावर अडतो, नफा वीसवर अडतो. २०२२ च्या खरिपापासून हीच रीत राज्यभर लागू झाली. ज्या जिल्ह्याला मागास म्हणून नाव ठेवतात, त्याच्या नावाने विम्याचे एक सूत्र ओळखले जाते, ही गोष्ट अभिमानाची आहे की दुःखाची, हे आम्हाला अद्याप ठरविता आलेले नाही. कदाचित दोन्ही. एवढे मात्र खरे की या सूत्राने एक कबुली दिली : जे संकट सर्वांवर एकदम येते त्याचा विमा बाजाराला पेलत नाही, तेथे सर्व समाजाने, म्हणजे राज्याने, खांदा द्यावा लागतो.

त्या म्हाताऱ्या आईला आम्ही पुढे काय उत्तर दिले? तिला अपूर्णांक सांगून उपयोग नव्हता. पण फंड आम्ही मोडला नाही. वहीत नावापुढे टोळी आणि ट्रॉली लिहू लागलो, म्हणजे कोण कोणाबरोबर धोक्यात आहे हे दिसावे. शेजारच्या तालुक्यांतील संघटनांना सामील करून घेतले, म्हणजे एका रात्रीचा घाव अनेक पेट्यांनी वाटून घ्यावा. शिल्लक रकमेतून एक भाग असा काढला की ज्याला साध्या वर्षी हात लावायचा नाही. आणि उचल घेतलेल्या माणसाला ट्रॉलीत किती कोंबायचे यावर मुकादमांशी भांडण मांडले, कारण धोका वाटून घेण्यापेक्षा तो कमी करणे केव्हाही स्वस्त. तीन हंगामांनी त्या चारही घरांची राहिलेली साडेबारा हजारांची बाकी पोचती केली. त्या वेळी ती आई हयात होती. ती म्हणाली, "आता हिशेब जमला म्हणायचा." आम्ही म्हणालो, "जमला नाही, आजी. कुठे चुकतो ते कळलं."

नशीब हा शब्द आम्ही आपल्या भाषेतून काढून टाका म्हणणार नाही. एकट्या माणसाच्या बाबतीत तो खराच आहे, उद्या कोणाच्या शेतावर गारा पडतील हे शास्त्र सांगत नाही. परंतु समूहाच्या बाबतीत नशीब म्हणून हात झटकणे हा निव्वळ आळस आहे, आणि पुष्कळदा ती लबाडीही असते. आपल्या गावी या हंगामात कापणी प्रयोगाचा चौकोन आखला जाईल, तेव्हा आपण बांधावर जाऊन उभे राहावे, दोरी ताणलेली आहे का, कडेचे ताट कोणीकडे गेले आणि वजन काय लिहिले ते पाहावे. ऋतुपर्णाने दोन फांद्यांवरील फळे सांगितली, पण नळाने ती मोजून पाहिली, आणि मगच ती विद्या त्याची झाली.